सशाच्या गळ्यात पुठ्ठा

लग्न होऊन मी ठाण्याहून खाडीकाठच्या गावात आले, तेव्हा माहेरून सशांची जोडी आणली होती. महाप्याच्या खालच्या अंगाला आमचं घर, पुढे भाताची खाचरं, त्यापलीकडे मिठागरं. साठ सालाच्या मागेपुढची गोष्ट. सासूबाई मासळी विकायच्या. पाला खाऊन नुसतं बसणारं जनावर त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

मादीला पाच पिल्लं झाली. चार गुबगुबीत निघाली, पाचवं पाप्याचं पितर. माझा जीव नेमका त्याच्यावर. सासूबाईंनी एक दिवस त्याची मानगूट धरून उचललं आणि म्हणाल्या, "पारव्यापरत अंगान भरला नाय, तर कालवन करीन. सांगून ठेवतय!"

पारवा म्हणजे गुढीपाडवा; त्याला महिना होता. मी सातवी शिकलेली, त्यामुळे मला सगळं कळत होतं! शाळेत मुलांना ताकदीसाठी माशाचं तेल देत, म्हणून मी शेजारणीकडून मुशीच्या काळजाचं तेल आणलं आणि रोज दोन थेंब त्याच्या तोंडात घालू लागले. त्याचं पोट बिघडलं. त्यात एका पहाटे पाहिलं, तर ते मान वळवून स्वतःचीच लेंडी खात होतं. मी शहारलेच. स्वच्छतेचं मला फार वेड. साड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला आणि त्याच्या गळ्यात अडकवला. आता खा म्हटलं!

आठ दिवसांत त्याच्या पाठीचा कणा बोटाला लागू लागला. मी घाबरले. टोपलीत घालून, एसटीने, गुरांच्या डॉक्टरांकडे ठाण्याला गेले. पुठ्ठा पाहून ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

"बाई, सशाच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या. कडक ती टाकायची. मऊ, चकचकीत ती त्याच्या पोटातच तयार झालेलं जीवनसत्त्वांचं औषध. ती खाल्ली की पहिल्या फेरीत न पचलेलं दुसऱ्या फेरीत अंगी लागतं. तुम्ही त्याचं टॉनिक बंद केलंत आणि वर मासे पाजलेत!"

मी तिथेच पुठ्ठा फाडला. घरी येऊन वाळकं गवत, थोडा कोवळा पाला, एवढंच द्यायला लागले. पहाटे ते मान वळवायचं, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "लाजतेस काय? खाऊ दे लेकराला!"

पाडव्याला सकाळीच खोबऱ्याचं वाटण तयार होतं. सासूबाईंनी मासळीचा तराजू काढला. अट घातली त्याच दिवशी त्यांनी पिल्लाच्या वजनाचा एक दगड जोखून ठेवला होता, मला न सांगता. एका पारड्यात दगड, दुसऱ्यात ससा. सशाचं पारडं धाडकन खाली आलं आणि तो उडी मारून चुलीमागे पळाला.

सासूबाईंनी एकवार दगडाकडे, एकवार माझ्याकडे बघितलं. मग विळी ओढून बटाटे चिरायला घेतले. "वाटन फुकट नाय घालवायचा," एवढंच म्हणाल्या.

तोवर मी त्यांच्या फक्त पाया पडत आले होते. त्या दिवशी गळ्यात पडले. "अगो, पुढ्यान विली हाय!" त्या ओरडल्या, पण त्यांनी मला लोटलं मात्र नाही.