डॉक्टरांकडे जायची तालीम

आमची वहिनी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकवते म्हणजे आधी बरेच दिवस गाडी चालवूच देत नाही. नवा माणूस आला की त्याला बंद गाडीत बसवून सगळं करायला लावते: पट्टा, आरसे, क्लच, गिअर, वळायचं असेल तर दिवा. इंजिन बंद, गाडी जागच्या जागी, आणि आत बसलेला बाप्या मोठ्यानं म्हणतोय, "आता मी डावीकडे वळतो." रस्त्यावरची मुलं हसतात, वहिनी हसत नाही. बंद गाडीत जो दिवा द्यायला विसरतो तो चालत्या गाडीतही विसरणार, असं तिचं ठाम मत आहे. "सरावात खोटं चालणार नाही," हे वाक्य ती इतक्यांदा ऐकवते की एका निवृत्त हेडमास्तरांनी शिकवणी अर्ध्यावर सोडली. ते आता बसनं फिरतात.

अशा बाईला दिवस गेले आणि डॉक्टरांची पहिली भेट सोमवारी सकाळची ठरली. रविवारी दुपारी तिनं गाडीचे आरसे पुसले, मग घरातले पुसले, मग दादाचा चष्मा ओढून घेतला. दादा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, त्याचा चष्मा मुळातच लखलखीत असतो. वहिनी घाबरली होती, एवढाच त्याचा अर्थ. तसं म्हणायचं सोडून ती म्हणाली, "आपण एकदा सराव करून घेऊ."

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकते. मला ती त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हती. डॉक्टर विचारणार, पहिलीच वेळ का, आणि खरं उत्तर 'नाही' असं होतं. दीड वर्षापूर्वी, बाबांच्या शेवटच्या आजारपणात, वहिनीला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात ते गेलं. आई आणि मी तेव्हा बाबांजवळ हॉस्पिटलात होतो. हे वहिनी आणि दादा सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि उद्या डॉक्टरांच्या खोलीत आई बरोबर असणार होती. डॉक्टरांशी खोटं बोलावं, की परक्या माणसासमोर आईला हे पहिल्यांदा कळू द्यावं, यात दोघं कधीची अडकली होती.

दादानं आईला कटवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. "आई, तू कशाला दगदग करतेस?" त्यानं विचारून पाहिलं.

"मी चालत येणार आहे का?" आई म्हणाली. विषय संपला. आईची सगळी नोकरी बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत गेली. तिथं विषय लवकर संपवावे लागतात.

तर जेवणाचं टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. दादा डॉक्टर, मी बाहेर पेशंटना हाका मारणारी बाई, वहिनी पेशंट. भरपूर पाणी पिऊन या आणि लघवीला जाऊ नका, सोनोग्राफी करायची आहे, असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं. वहिनी सरावासाठीही बाटलीभर पाणी प्यायली आणि खुर्चीत जराशी तिरपी बसली.

डॉक्टर म्हणून दादा म्हणजे आनंदीआनंद होता.

"काय त्रास होतोय?"

"काहीच नाही."

"मग का आलात?"

वहिनीनं डोळे वटारल्यावर तो वळणावर आला. जेवण जातंय का, उलट्या होतात का, घरात कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, सगळं नीट विचारलं. मग म्हणाला, "आणि ही पहिली..." एवढ्यात त्याला आई दारात उभी दिसली. "पहिली पाळी कितव्या वर्षी आली?" त्यानं वाक्य कसंबसं पुरं केलं. आई आणि बहिणीसमोर स्वतःच्या बायकोला हे विचारल्यावर त्याचे कान लाल झाले.

"ऊठ," आई म्हणाली. "तुला टेबलाच्या पलीकडे बसायची अक्कल नाही."

आई बसली. चष्मा नाकावर खाली घेतला, रद्दीतलं एक पाकीट पुढे ओढलं, पेन उघडलं आणि मान खाली घातली. मला तर हुबेहूब डॉक्टर वाटली.

"वय?"

वहिनीनं सांगितलं.

"काम काय करता?"

"गाडी शिकवते."

"पहिलीच वेळ?"

दादा पाणी आणायला म्हणून निघाला आणि मध्येच उभा राहिला. वहिनीला 'हो' म्हणता आलं असतं. टेबलावर मिठाची बरणी होती, डॉक्टर तिची सासू होती, कशाला काही अर्थ नव्हता. पण सरावाच्या बाबतीत वहिनीचं कसं असतं ते मी सांगितलंच आहे.

"नाही," ती म्हणाली. "दुसरी."

आईचं पेन थांबलं. मान मात्र तिनं वर केली नाही. "पहिल्याचं काय झालं?"

"तिसऱ्या महिन्यात गेलं."

"कधी?"

"बाबांचं ऑपरेशन होतं त्या दिवशी."

"दवाखान्यात कुणी नेलं?"

"माझी मीच गेले. गाडी होती दारात."

"बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. हे तिकडे तुमच्याजवळ होते. यांनाही मी दुसऱ्या दिवशी सांगितलं."

आता आईनं मान वर केली. "त्या दिवशी मी फोन केला होता. घरी सगळं ठीक ना, असं विचारलं होतं."

"हो."

"तू ठीक आहे म्हणालीस."

"तुम्ही आधीच इतक्या..."

आईनं पुढचं ऐकलं नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. तिथूनच म्हणाली, "उद्या तुम्ही दोघंच जा."

वहिनीचा चेहरा पडला. मला आईचा भयंकर राग आला. जिच्यावर गुदरलं ती इकडे बसलीय आणि रुसायचा मान मात्र हिनं घेतलाय. मी आत जाऊन तिला तसं तोंडावर सांगितलं.

"तू मध्ये बोलू नकोस," आई म्हणाली. नळ चालूच होता. "दीड वर्ष ती रोज माझ्यासमोर जेवायला बसतेय. आणि मी तिला म्हणतेय, आता जरा मनावर घ्या."

ती वहिनीवर रुसलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटल्यावर काय करायचं हे तिला कधीच जमलेलं नाही. वहिनीनं हे बोलणं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण ती बिचारी शेवटी लघवीला गेली होती.

सकाळी आम्ही खाली उतरलो तर आई गाडीत बसलेली. एरवी ती मागे बसते आणि डोळे मिटून घेते. आज ती पुढे होती, वहिनीच्या नेहमीच्या जागेवर, जिथं पायाशी शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक असतो. दादा आणि मी मुकाट्यानं मागे बसलो.

"आई, तिथं पाय लावू नका," वहिनी स्टिअरिंगमागे बसत म्हणाली.

"नाही लावत."

पहिल्याच खड्ड्याआधी गाडी कचकन थांबली. दादाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"खड्डा होता," आई म्हणाली.

"दिसला होता मला."

"मलाही दिसला."

पुढचा सगळा रस्ता गाडी दोघींनी मिळून चालवली. गाडीवर शिकाऊची पाटी असल्यामुळे मागचे लोक हॉर्न न देता, कीव केल्यासारखे बाजूनं निघून जात होते. वहिनीच्या पोटात बाटलीभर पाणी होतं. प्रत्येक धक्क्याला ती डोळे मिटायची, पण पाय काढा असं तिनं पुन्हा एकदाही म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. एका पेशंटबरोबर इतकी माणसं पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. दादा बाहेर जायला अर्धा उठला, कुणी जा म्हणालं नाही म्हणून परत बसला. बाईंनी मान खाली घालून वय लिहिलं, काम लिहिलं.

"पहिलीच वेळ ना?"

वहिनी पर्सची चेन उघडबंद करायला लागली. भर चौकात काच खाली करून ट्रकवाल्यांना फैलावर घेणारी बाई ही. तिनं आईकडे पाहिलं. आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती, ती काही मदतीला आली नाही.

"दुसरी," शेवटी वहिनीच म्हणाली. "आधीचं तिसऱ्या महिन्यात गेलं."

बाईंनी ते लिहिलं आणि पुढचं विचारायला तोंड उघडलं.

"तेव्हा हिच्याबरोबर कुणी नव्हतं," आई म्हणाली.

"बरं."

"एकटी गाडी चालवत दवाखान्यात गेली होती. आणि मी फोन केला तर ठीक आहे म्हणाली."

"आजी, ते लिहायची गरज नसते," बाई म्हणाल्या.

आई त्यांच्या पेनाकडे बघत राहिली.

"लिहा," ती म्हणाली.