पीरमहंमदची कल्हई

लबाडी शेवटी पचत नाही, असं कुणी गोड आवाजात सांगू लागलं की माझं डोकं फिरतं. नसेल पचत! पण तोवर दुसऱ्याचं ताट हिसकावलं जातं, त्याचं काय?

आमच्या पारनेर भागात भांड्यांना कल्हई लावायला पीरमहंमद येई. चावडीपुढं भट्टी पेटवायची, पितळेचं भांडं तापवून आतून कथील फिरवायचं, मग त्यात चिंचेचं पाणी ओतून पहिला घोट स्वतः घ्यायचा. त्यानंतरच भांडं घरधनिणीच्या हाती.

त्याचा धाकटा भाऊ नियाज. त्यानं कथलात शिसं मिसळायला सुरुवात केली. काम झटपट, मजुरी निम्मी. आमच्या बायका भाळल्या. पीरमहंमद पाणी पिऊन बघतो, म्हणजे त्याचा स्वतःच्याच कामावर भरवसा नाही, असं म्हणायला लागल्या! काय अक्कल ही!

पुढं आक्काबाईच्या लेकीचं लग्न निघालं. नियाजची कल्हई कधीच उडून गेलेली. उघड्या पितळेत कढी कळकली आणि अख्खी पंगत ओकत पडली. नियाज पसार. काही दिवसांनी पीरमहंमद गावात आला, तर लोकांनी त्याचीच भट्टी लाथाडली.

"समदे कल्हईवाले सारखेच!"

लाथा घालणारे त्याच्याच हातच्या भांड्यांत वर्षानुवर्षं जेवले होते. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

बाहत्तरच्या दुष्काळात तो आमच्याबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. घरी बायको सकीना तापानं फणफणलेली, चूल कधी पेटायची, कधी नाही. तिथं एक दिवस नियाज आला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. शिशाच्या कमाईवर त्यानं पारनेरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान टाकलं होतं. पण गल्ल्यावर त्याचं तोंड दिसलं की गिऱ्हाईक पायरीवरूनच मागं फिरे.

"भाई, तुमी नुसते गल्ल्यावर बसा," तो म्हणाला. "तुमचं काम खरं होतं, हे लोकांना आता पटलंय. तुमाला बघून येतील. भाभीचं औषधपानी मी बघतो."

पीरमहंमदनं हातोडा खाली ठेवला. मला वाटलं, आता हा जाणार. गेला असता तरी मी नाव ठेवलं नसतं.

"माल कसा हाय?" त्यानं विचारलं.

"पत्रा जरा पातळ हाय. पन चकाकतो लई."

पीरमहंमदचे डोळे लाल झाले.

"माझी भट्टी गेली, ते मी गिळलं. आता माझं तोंड दाखवून लोकं फसवायला निघालास व्हय? हो बाजूला. खडी उडंल डोळ्यात."

आणि हातोडा उचलून त्यानं दगडावर असा घाव घातला की नियाज कपडे सावरत मागं सरला.