बेसल बोडी

दिसणाऱ्या गोष्टीकडे न पाहण्याची कला आमच्या शेजारच्या सरांइतकी कोणाला साधली असेल, असं मला वाटत नाही. आरमोरीच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायचो आणि ते जीवशास्त्र. आमच्या दोन घरांमधली भिंतही एकच होती. लोक झाड पाहतात, हे गृहस्थ बुंध्याशी उकिडवे बसणार. लग्नाला गेले की आधी मांडवाचे खांब हलवून पाहणार, नवरदेव नंतर. मार्कंड्याच्या जत्रेत एकदा माझी बायको-मुलं आकाशपाळण्यातून तीनदा वर जाऊन आली, तोवर सर पाळण्याच्या पायाशी बसून नटबोल्ट न्याहाळत होते. पाळणेवाल्याला वाटलं, तपासणीला साहेब आला. त्यानं स्टूल दिलं, चहा दिला, वर भजी दिली. सरांनी भजी निवांत संपवली आणि सांगितलं, "वरतं सारं झकास आहे बाप्पा, पण खालतं डाव्या अंगचा बोल्ट ढिल्ला आहे. पयले थो कस." त्यानं मुकाट्यानं पाना आणून तो कसला.

या खोडीच्या बुडाशी एक अतिसूक्ष्म वस्तू होती. साचलेल्या पाण्याच्या थेंबात पॅरामेशियम नावाचा एका पेशीचा जीव असतो. त्याच्या अंगभर बारीक केस असतात, त्यांना म्हणायचं पक्ष्माभिका, आणि ते वल्ह्यासारखे मारत तो पोहतो. आमच्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात तो दिसे, नीट पाहिलं तर केसांची थरथरही जाणवे. पण प्रत्येक केसाच्या मुळाशी, पेशीत रुतलेलं एक इवलंसं नळकांडं असतं. केस उगवतो त्यातून आणि उभा राहतो त्याच्याच आधारानं. त्याचं नाव बेसल बॉडी, आणि सरांचा जीव जडला होता तो तिच्यावर. आता आमच्या भागात बोडी म्हणजे गावाजवळचं लहान तळं. त्यामुळे अकरावीच्या वर्गात दरवर्षी घोटाळा ठरलेला. एका मुलीनं भर तासात विचारलं, "सर, हे बेसल बोडी कुठी आहे? आमच्या गावची तं आटली." दुसरीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं, की बेसल बोडी गावाच्या पूर्वेस असून तिच्या पाण्यावर धान पिकतो. सरांनी तिला अर्धा गुण दिला. मी पोट धरून हसलो, तर ते गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, हसू नोका. पॅरामेशियम बोडीतच भेटते. पोरगी अर्धी बराबर आहे."

सरांच्या टेबलावर बेसल बॉडीचं बांबूचं मॉडेल होतं. बुरडाकडून नळ्या कापून आणून त्यांनी स्वतः बांधलेलं. तीन-तीन नळ्यांच्या नऊ जुड्या, गोलात, किंचित तिरप्या, आणि मधे मोकळी जागा. प्रत्येक जुडीत दोन नळ्या लांब आणि एक आखूड होती. आखूड नळ्या बुरडानं चुकून कापल्या असणार असं मी कैक वर्षं समजत होतो आणि सरांना वाईट वाटू नये म्हणून गप्प होतो. बरं, ही वस्तू सरांनीही कधी पाहिलेली नव्हती. ती दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो होता नागपूरला. "एकडाव आपल्या डोयानं पाह्यली का झालं," असं ते दर दोन-चार दिवसांनी म्हणत.

आणि एका मार्च महिन्यात नागपूरच्या एका कॉलेजातून त्यांच्या नेमणुकीचं पत्र आलं. शेजारच्याच संस्थेत तो सूक्ष्मदर्शक, आणि शनिवारी पाहू देण्याचं तिथल्या प्राध्यापकांनी कबूलही केलेलं. आठ दिवसांत होकार कळवायचा होता. भिंतीपलीकडून सरांची शीळ ऐकू येऊ लागली. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, मला राग आला. संध्याकाळचा चहा आता कोणाबरोबर प्यायचा?

त्या घरात सर आणि त्यांच्या अम्मी, दोघंच. वडिलांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. ते गेल्यावर थोरले दोन भाऊ बाहेर पडले, एक नागपूरला, एक हैदराबादला. अम्मींची नजर पार गेली होती, पण घरात त्या भिंतीला बोटं लावून अशा फिरत की नव्या माणसाला कळतही नसे. चूल, विहीर, आमचं दार, सगळी अंतरं त्यांना पावलांत पाठ. एकदा नागपूरच्या लेकाकडे गेल्या होत्या, तर परत येईपर्यंत खाटेवरून उठल्या नाहीत.

सातव्या दिवशी मी गेलो, तेव्हा सर मॉडेलवरची धूळ पुसत होते. काय ठरलं, असं मी विचारलं. त्यांनी आखूड नळीवर बोट ठेवलं.

"हे पाहा भाऊ. तिघी खालतून संगच निंघतात. दोघी वरतं केसात जातात, हालतात. हे तिसरी इथीच थांबते."

"म्हणजे ही बुरडाची चूक नाही?"

"नाई जी. असंच असते."

"काऊन थांबते?" मीही त्यांच्याच बोलीत कारण विचारलं.

सर पुसत राहिले. ती नळी केव्हाच स्वच्छ झाली होती.

"थे पुस्तकात लिवलं नाई," ते म्हणाले. आतून अम्मींची हाक आली, "चाय हो गई, दोनो आओ."

दुसऱ्या दिवशी त्यांचं नकाराचं पत्र मीच पोस्टात टाकलं. परत येताना मला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

पुढे निवृत्त झाल्यावर मीच नागपूरला मुलाकडे राहायला आलो. एक दिवस मुलाच्या कॉम्प्युटरवर बेसल बॉडीचा फोटो सापडला, करडा, गोल, थोडा अस्पष्ट. छापून घेतला आणि सरांना पाठवला. दहा-बारा दिवसांनी कार्ड आलं. "भाऊ, फोटो भेटला. भिंग लावून मोजल्या. नऊच आहेत, तीन-तीनच्या. अम्मीच्या हाती मॉडेल देल्लं, तिनंबी बोटानं मोजल्या, बराबर भरल्या. औंदा बोडीत पाणी लय आहे. कधी येता?"

ते कार्ड माझ्या टेबलावर आहे. उत्तर लिहायला बसतो, वर तारीख घालतो, आणि त्या 'कधी येता?'पाशीच थांबतो.