भाऊंना विचारलं का?

भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. या ग्रुपवर लोकांनी लिहिलेले अनुभव वाचून मी हसलेलो आहे, मान्य करतो. त्यात माझा धंदा सॉफ्टवेअरचा... मशीनमध्ये जे लिहाल तेच बाहेर येतं, यावरच माझं पोट चालतं.

मी तळेगावात राहतो. आमची कंपनी लोणावळ्यातले बंगले पाहुण्यांना भाड्याने देते. बुकिंगचा जुना प्रोग्रॅम जोशीकाकांनी वीसेक वर्षांपूर्वी लिहिलेला. त्यांची एक खोड होती – कुठलाही बंगला बुकिंगसाठी उघडण्याआधी प्रोग्रॅम थांबायचा, काका तिथल्या राखणदाराला फोन करून सगळं ठीक आहे ना विचारायचे आणि मगच 'हो' दाबायचे. मला काम त्यांनीच शिकवलं. वेबसाइट करायची ठरली तेव्हा त्यांना घरी बसवलं आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. वर्षभरात काका गेले.

त्यांचा प्रोग्रॅम कोणालाच नीट कळत नव्हता, म्हणून तो तसाच नव्या वेबसाइटच्या पोटात ठेवला. फक्त तो थांबला की माझा कोड आपणहून 'हो' म्हणायचा. फोनबिन बंद. साहेब खूश.

पुढे एका सोमवारी तुंगार्लीचा एक बंगला अडला. 'हो' पाठवलं की उत्तर यायचं – "भाऊंना विचारलं का?" तीन दिवस सगळा कोड चाळला, डेटाबेस चाळला... हे वाक्य कुठेच नव्हतं. बाकीचे बंगले व्यवस्थित चालू. शनिवारचं बुकिंग तोंडावर आलेलं, साहेबांचा तगादा. शेवटी वैतागून त्या बंगल्यापुरता मी जुना प्रोग्रॅमच वगळला.

रविवारी सकाळी तिथले राखणदार, धोंडिबाभाऊ, पाहुण्यांचा चहा घेऊन वरच्या गॅलरीत गेले आणि गॅलरी त्यांच्यासकट खाली आली. जीव वाचला, पण पाय गेले.

परंदवडीला त्यांच्या घरी गेलो. खाटेवर पडल्या पडल्या ते शांतपणे म्हणाले, "गॅलरी लय दिस हलत व्हती, सायेब. तुमच्या हापिसात फोन कुनी उचलत न्हाई. जोशीसायेब सोता इचारायचे. तुमी एकदा बी न्हाई इचारलं."

चहा न घेताच निघालो.

जुना प्रोग्रॅम मी परत जोडला. आता रोज सकाळी एकेका राखणदाराला फोन करतो, मग स्वतः 'हो' दाबतो. ते वाक्य पुन्हा कधी आलं नाही. ते कुठून आलं होतं, मला आजही सांगता येत नाही. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. फोन लावायला एक मिनिट लागलं असतं... मी तीन दिवस कोड चाळत बसलो.