न उचलण्याचा प्लॅन

सगळी गल्ली त्याला ‘रेडिओ’ म्हणायची, आणि ते उगीच नव्हे. केस कापायच्या दुकानात त्याने उभं आयुष्य काढलं. त्यात कात्री कधीमधी थांबली असेल, तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कपडा आवळला, डोक्यावर रेडिओचा डावा हात पडला, की प्रक्षेपण सुरू. ऐकणाऱ्याला मधेच उठून जायची सोय नसे, कारण अर्धं डोकं कापून झालेलं असे.

पण हाच माणूस फोनवर ठार मुका. फोन कानाला लागला की त्याची बोलती बंद व्हायची. ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ एवढ्यावर कारभार आटोपायचा. त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की हाताखाली डोकं असल्याशिवाय त्याला काही सुचतच नाही. घरच्यांना ही थाप वाटे. थाप नव्हती ती.

त्याची एकच थोरली बहीण. अक्का. ती दुसऱ्या गावात लेकाकडे राहायची. अक्काचे यजमान हयात होते तेव्हा फोनच्या बिलावरून त्या घरात रणकंदन माजायचं. म्हणून एकदा बहीणभावांनी बसस्टँडवर, अक्काची गाडी सुटता सुटता, ठरवून टाकलं. एक रिंग म्हणजे उठलो, दोन रिंगा म्हणजे जेवतो. फोन उचलायचा नाही. पुढे यजमान गेले, बोलणं स्वस्त झालं, पण रिंगांचा शिरस्ता काही मोडला नाही. दुपारी अक्काच्या दोन रिंगा यायच्या, मग हा आपल्या दोन द्यायचा, आणि तेव्हाच ताटावर बसायचा. अक्का जेवते आहे, म्हणजे अक्का आहे. एवढं कळलं की उरलेल्या जगाने खुशाल काय हवं ते करावं, रेडिओची ना नव्हती.

आणि एके दिवशी मोबाईलवर मेसेज आला: ‘प्रिय ग्राहक, आपली वैधता लवकरच संपत आहे.’

रेडिओने तो वाचला आणि मटकन खाली बसला. मग कपडे बदलून, भांग पाडून, तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि माझी संपत आली, तसं कळवलंय, असं गंभीरपणे म्हणाला. सूनबाईने फोन हातात घेतला, वाचला, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. संपतोय तो प्लॅन, बाबा, तुम्ही नाही, असं तिने समजावलं. कंपनी जुना प्लॅन बंद करत होती. नवा, परवडेल असा, म्हाताऱ्या माणसाला झेपेल असा काहीतरी घ्यायला हवा होता.

सूनबाई त्याला मोबाईलच्या दुकानात घेऊन गेली. काउंटरवरच्या मुलीने त्याला आजोबा म्हटलं, तिथेच त्याचं डोकं फिरलं. आजोबांना सवलत आहे हे कळल्यावर जागेवर आलं. मुलीने एकेक प्लॅन पुढे टाकायला सुरुवात केली. एकात सिनेमे होते, एकात गाणी. वर्षभराचा प्लॅन महिन्याच्या मानाने बराच स्वस्त होता, पण मी मधेच गेलो तर उरलेले महिने कोणाला मिळतात, असं रेडिओने विचारलं. ते मिळत नाहीत, मुलीने स्क्रीनवर बघून सांगितलं. मग तर जगायची जबाबदारी आलीच की, रेडिओ म्हणाला. महिन्याचा घ्यावा, तर पैसे भरणाऱ्या मुलाने आपल्यावर जेमतेम महिन्याचाच भरवसा ठेवला असा त्याचा अर्थ होत होता. घोडं तिथेच अडलं.

“आजोबा, तुम्हाला नेमका कसा हवाय?” मुलीने शेवटी विचारलं.

“न उचलण्याचा,” रेडिओ म्हणाला. “मी फोन करणार, समोरचा उचलणार नाही. समोरचा करणार, मी उचलणार नाही. असा बघ.”

मुलीने खरंच शोधला. तसा नव्हता. मात्र खास ज्येष्ठांसाठी ‘निवांत’ नावाचा एक होता, सगळ्यात स्वस्त. दोघांनी जोडीने घ्यायचा, एकमेकांशी दिवसभर फुकट बोलायचं. सोबत मोठ्या बटणांचा फोन. म्हाताऱ्या माणसांची बटण शोधताना तारांबळ उडते, म्हणून तो पहिल्याच रिंगला आपोआप उचलला जायचा. ही सोय बंद करता येते का, असं रेडिओने घाबरून विचारलं. ज्येष्ठांच्या हातून ती चुकून बंद होऊ नये, म्हणून बंद करायची सोयच ठेवलेली नव्हती.

“पण मला दोन द्यायच्या असतात,” रेडिओ म्हणाला.

बोलणं फुकट असताना रिंगा कशाला, असं सूनबाईने विचारलं. तिचं चूक तरी काय होतं म्हणा. तिने तिथूनच अक्काच्या लेकाला फोन केला. त्यालाही पटलं. दोन गावांत दोन ‘निवांत’ सुरू झाले, आणि दोन म्हातारी माणसं निवांतपणाला मुकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला आणि एका रिंगेतच लागला. रेडिओने तो कानाला लावला. तिकडे अक्काचा श्वास. इकडे याचा. ती बोलेना, हा बोलेना. थोरल्या बहिणीचा फोन आपण कापायचा कसा, म्हणून याने ठेवला नाही. फुकट आहे तर धाकट्याचा फोन आपण का तोडायचा, म्हणून तिने ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत लाईन चालू राहिली. तिच्या घरातला नळ ऐकू आला, खोकला ऐकू आला, मांजरावर ओरडणं ऐकू आलं. जेवली की नाही, तेवढंच कळलं नाही.

असे बरेच दिवस गेले. अक्काच्या घरातलं भांडं पडलेलं रेडिओला कळायचं, पण त्याचा स्वतःचा घास काही खाली उतरेना. विचारायला किती शब्द लागतात? पण ओठाशी आलं की फोनचं ते गुळगुळीत काळं तोंड बघून जीभ टाळ्याला चिकटायची. एवढ्या वर्षांची बहीण एका स्वस्त प्लॅनपायी हातची गेली, असं त्याला वाटू लागलं, आणि ते त्याच्या जिवाला फार लागलं.

त्या दिवशी फोन टेबलावर चालू होता आणि शेजारी सूनबाईने आणून ठेवलेलं कलिंगड होतं. विचारात असताना रेडिओचा डावा हात सवयीने त्याच्यावर पडला. मापाला अगदी बरोबर. तो उठला, दाराला टांगलेला जुना कपडा काढला, कलिंगडाभोवती नीट गुंडाळला, खिशातला कंगवा हातात घेतला. आणि पट्टा सुटला.

“अक्का, जेवलीस का गं? हे फोन म्हणजे नुसता ताप झालाय. आधी बरं होतं, दोन रिंगा आल्या की कळायचं.”

सूनबाई पाणी घेऊन आत आली. सासरे कलिंगडाचा भांग पाडत होते. तिने पेला दारातच ठेवला आणि दार हळूच लोटून घेतलं.

“अरे, बोलतोस होय तू?” अक्काचा आवाज आला. “पण रिंगांचा आणि जेवायचा काय संबंध?”

“दोन म्हणजे जेवतो. बसस्टँडवर नव्हतं का ठरलं?”

“येतो,” अक्का म्हणाली. “तू गाडीच्या खिडकीशी ओरडून सांगितलंस. दोन म्हणजे येतो.”

कंगवा कलिंगडावर थांबला. रेडिओला ते इंजिन आठवलं, धूर आठवला, अक्काने कानाशी धरलेला हात आठवला. इतकी वर्षं दर दुपारी अक्का विचारत होती, येतोस का? आणि हा दर दुपारी कळवत होता, येतो. मग सावकाश हात धुऊन ताटावर बसत होता.

“आणि मी येत नव्हतो, तेव्हा?”

“कामात असशील म्हटलं. रोज येतो म्हणणारं माणूस आहे, बरं वाटायचं रे. दुपारची कडी तेवढी लावत नव्हते.”

रेडिओला रडू आवरेना. त्याने कलिंगडाच्या गळ्यातला कपडा सोडून डोळे पुसले.

“येतो,” तो म्हणाला. पहिल्यांदाच तोंडाने.

कलिंगड पिशवीत टाकून त्याने मिळेल ती बस धरली. फोन खिशात चालूच होता. ठेवतात कसा ते दोघांनाही आता विचारायचं नव्हतं. अख्ख्या रस्त्याभर शेजारचा प्रवासी, कंडक्टर आणि अक्का, तिघांनी रेडिओ ऐकला.

अक्काच्या दाराला कडी लावलेली नव्हती. तरी त्याने बेल वाजवली, दोनदा. दाराआडून आणि खिशातून एकदमच आवाज आला,

“जेवलास का?”