धुऊन, ऊन देऊन दिलेले शेंगदाणे

घात झाला पेडगावच्या कौसाबाईंचा. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी आठ वाजता त्यांची सतरावी कोंबडी मेली. ती शेवटची.

मी एका संस्थेत पशुवैद्य आहे. कोंबडी त्यांच्या अंगणातच फाडली. यकृत पिवळं, सुजलेलं. हे साथीचं दिसेना.

"काय घालत होता खायला?"

"शेंगदाणे. ज्याच्या रानात राबते त्या मालकानं दिलेले. चांगले बाजाराला गेले, हिरवे पडलेले मला. तसेच न्हाई हो दिले त्यांनी, धुऊन, ऊन देऊन दिले."

अर्धा डबा उरला होता.

"लेक बाळंतपणाला आलीय. दोनदा चटणी केली तिला. आता भाजून कूट करून ठेवायलेय."

डबा मी काढूनच घेतला. दाण्यांच्या फटीफटीत हिरवट पिवळी पूड. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी. ओली शेंग पोत्यात भरली की धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. ते यकृतावर जातं. बुरशी धुतली जाते, उन्हानं मरतेही. विष दाण्यातच राहतं. भाजूनसुद्धा पुरतं जात नाही.

तडक मालकाकडे गेले.

"मॅडम, म्हातारीशी माझं काय वैर हाय? तुमचंच वाचून केलं."

त्यांनी फडताळातून आमच्या संस्थेचं पत्रक काढलं. 'बुरशीसाठी धान्याला कडक ऊन द्या.' ओळ माझी. मूळ ओळ होती, 'बुरशी लागू नये म्हणून साठवण्याआधी ऊन द्या.' पानात बसेना, म्हणून मी छाटली होती.

"पण द्यायचेच होते तर चांगले का नाही दिले?"

"चांगले कोण देतंय हो?"

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "रिपोर्टमध्ये साथ लिही. पत्रकाचा विषय काढू नको."

"साथ नाहीये, सर."

"मग कारण अज्ञात लिही."

मी खरी दोन्ही कारणं लिहिली. मालकाचे दाणे आणि माझी ओळ. रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर आहे, सही अजून नाही.

कौसाबाईंच्या लेकीला परभणीला नेऊन तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, सध्या ठीक आहे. परतताना रिक्षात कौसाबाईंनी मला तीनदा विचारलं, "सध्या म्हंजी कवरलोक?"

तुमच्याही घरात 'कामवालीला होतील' म्हणून बाजूला काढलेले बुरसटलेले दाणे असतील. उठा. धुऊ नका, भाजू नका, जनावराला घालू नका. आजच खोल खड्ड्यात पुरा. आणि तिला द्यायचेच असतील, तर तुमच्या ताटातले द्या.