हिमनदी समोर आली की काच आंधळी

व्हिडिओत हिमनदी कुठेच नव्हती. होती ती राखाडी काच, आणि त्या काचेवर कुणीतरी बाहीने पुसून केलेलं ताटाएवढं भोक. त्या भोकातून लोक आळीपाळीने बाहेर डोकावत होते. मागून एक बाई जर्मनमध्ये म्हणत होती, याच्यासाठी आपण एवढ्या लांब आलो का.

माझा बॉस मार्कुस. त्याने व्हिडिओ थांबवला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"मनीषा, ही तुझी काच."

काच माझी नव्हती. काच दुसऱ्या कंपनीची. तिच्यावर धुकं धरू नये, एवढी जबाबदारी माझी.

मी जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका कंपनीत काम करते. आम्ही मुळात गाड्यांचे एसी आणि हीटर बनवतो. एक छोटा विभाग जहाजांची कामं घेतो, मी त्यात आहे. हे जहाज उत्तर ध्रुवाकडच्या क्रूझचं. दोन डोंगरांच्या मधे समुद्राचा चिंचोळा फाटा आत शिरलेला असतो, त्याला फियॉर्ड म्हणतात. त्यातून आत जायचं, आणि हिमनदी जिथे समुद्रात तुटून पडते तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं. ज्यांना बाहेरची थंडी सोसत नाही त्यांच्यासाठी जहाजाच्या नाकावर दोन मजले उंच काचेचा लाउंज. त्या लाउंजची हवा हा माझा पहिला प्रोजेक्ट, लीड म्हणून.

धुकं का धरतं ते सोपं आहे. भात शिजताना झाकण उचलून बघा, आतून पाणी ओघळतं. हवेतली वाफ गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. ज्या तापमानाला पाणी व्हायला लागतं त्याला दवबिंदू म्हणतात. काच त्याच्यापेक्षा गार झाली की संपलं. म्हणून आम्ही काचेच्या पायाशी एक लांब फट ठेवतो आणि तिच्यातून गरम, कोरडी हवा काचेला घासून वर सोडतो. कारच्या पुढच्या काचेला असतं तेच. आम्ही त्याला हवेचा पडदा म्हणतो.

तक्रार विचित्र होती. बंदरात काच स्वच्छ. भर समुद्रात, बोचरं वारं असताना, स्वच्छ. हिमनदी समोर आली की आंधळी. जहाज कीलच्या बंदरात आलं तेव्हा आमचा सर्व्हिसवाला जाऊन तपासून आला होता. त्याला काहीच सापडलं नाही. मग जहाज कंपनीने स्वतःच निष्कर्ष काढला, की बर्फाजवळ थंडी जास्त असते आणि ती आमच्या इंजिनियरने धरलेलीच नाही. ईमेलमध्ये शब्द होता 'आउसलेगुंग्सफेलर'. म्हणजे डिझाइन करणाऱ्याची चूक. डिझाइन करणारी मी. आणि ईमेल आमच्या अर्ध्या कंपनीला गेलेलं.

मार्कुसला भांडण नको होतं. आपण जास्तीचे हीटर बसवून देऊ, म्हणाला, चूक मान्य करू, विषय संपेल. आणि पुढचं काम काही दिवस आपल्या विभागातला श्टेफान बघेल. तू दमली असशील.

मी दमले नव्हते.

आमच्या ऑफिसात बॉसलाही अरे-तुरे चालतं. सुरुवातीला माझी जीभ वळायची नाही. त्या दिवशी मात्र छान वळली.

"उन्हाळ्यात हिमनदीपाशी तापमान शून्याच्या आसपास असतं, मार्कुस. माझं गणित उणे वीसचं आहे. समोर बर्फ आहे म्हणून काच गार होत नाही. तो काय काचेला टेकलाय?"

"बरं, मग धुकं का धरतं?"

"माहीत नाही. मला जहाजावर पाठव."

"आणि तिथे जाऊनही नाही कळलं तर?"

"तर चूक माझी म्हणून सही करीन. आज करणार नाही."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले, आणि उतरताना डिग्री घेऊनच उतरले. त्या डिग्रीचं मोल मला ठाऊक आहे. त्यामुळे 'तुझं गणित चुकलं' हे मी कुणाकडूनही ऐकून घेते, पण कुठल्या ओळीत चुकलं ते दाखवायचं. मोघम चुकलेलं मला चालत नाही. मार्कुसने माझं तोंड बघितलं आणि पुढच्या फेरीचं तिकीट काढलं.

जहाजावर मला भेटल्या फ्राऊ लोरेंझ, हॉटेल मॅनेजर. खोल्या, जेवण, पाहुण्यांची मर्जी, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी मला लाँड्रीशेजारची केबिन दिली होती, बिनखिडकीची.

"तुम्हाला काचांचा त्रास नको म्हणून," त्या हसून म्हणाल्या.

मीही हसले. म्हटलं, चला, निदान या बाईला विनोद कळतो.

पहिल्या हिमनदीच्या दिवशी मी सकाळपासून लाउंजमध्ये होते. हवेतला ओलावा मोजायचं यंत्र खिशात आणि टिश्यू पेपरची एक पट्टी हातात. पट्टी काचेखालच्या फटीवर धरली की ती उभी राहून फडफडायची. म्हणजे पडदा चालू. काच लखलखीत. माझ्या शेजारच्या खुर्चीत हेल्गा नावाच्या एक आजी बसल्या होत्या. चाकांचा वॉकर बाजूला लावलेला. डेकवर जाणं त्यांना जमणारं नव्हतं, म्हणून पुढची जागा धरून त्या नाश्त्यापासून ठाण मांडून होत्या. त्यांनी पट्टीकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर! मागच्या फेरीलाही मी इथेच बसले होते, तेव्हा माझा स्कार्फ वापरला. पुसून पुसून हात दुखला, आणि दिसलं काय, तर समोरच्या माणसाची टोपी."

मग कॅप्टनची घोषणा झाली. हिमनदी समोर आहे, कृपया शांतता राखा, बर्फ तडकताना आवाज येतो तो ऐका. पाच मिनिटांत लाउंज भरला. डेकवर रिमझिमीत उभे असलेले लोक ओल्या लाल जॅकेटांसकट आत आले. मागच्या काउंटरवर गुलाशसूपचं मोठं पातेलं उघडलं. माणूस स्वतःही एक किटलीच असतो, श्वासातून आणि घामातून सारखी वाफ सोडणारी. भरलेला लाउंज आणि ओली जॅकेटं मी गणितात धरली होती. सूप धरलं नव्हतं. पण एका पातेल्याने बुडेल इतकं काठावरचं माझं गणित नव्हतं.

आणि मग मला ते जाणवलं. आवाज गेला होता. पंख्यांचा एक बारीक घों असा सूर असतो, सवयीने तो ऐकूच येत नाही. तो थांबला तेव्हा कळलं. मी पट्टी फटीवर धरली. पट्टी आडवी पडली.

काच खालून वर राखाडी होत गेली. हेल्गा आजींनी स्कार्फ काढला.

मी गर्दीतून वाट काढत फ्राऊ लोरेंझना गाठलं. पंखे का थांबले, विचारलं.

"थांबले नाहीत. फ्ल्युस्टरमोडुस आहे."

कुजबुज मोड. मागच्या हंगामात काही पाहुण्यांनी तक्रार केली होती, की पंख्यांमुळे बर्फाचा आवाज ऐकू येत नाही. मग जहाजाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी फ्राऊ लोरेंझ यांच्या काउंटरवर एक बटण दिलं. दाबलं की लाउंजचे सगळे पंखे जवळजवळ बंद. हिमनदीसमोर दाबायचं, निघताना सोडायचं. बंदरात ते दाबायचं कारणच नव्हतं. आमच्या सर्व्हिसवाल्याला दिसणार तरी काय?

"हे तुम्ही आम्हाला कळवलंत का?"

"कशाला? साधं बटण आहे."

मी म्हटलं, ते आत्ता सोडा. नाही म्हणाल्या. त्यांच्या पाहुण्यांनी शांततेचे पैसे भरले आहेत, आणि इथे प्रयोग चालत नाहीत. जर्मन माणसाच्या रूहेला, म्हणजे त्याच्या शांततेला, हात लावणं काय असतं ते मला माहीत होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी ड्रिल मशीन चालवून बघा.

मी त्यांना ओलांडून कॅप्टनकडे गेले. ते उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं. उद्या अजून एक हिमनदी आहे, म्हणाले, तिथे करून बघा. पण एकाही पाहुण्याने तक्रार केली तर बटण दाबलं जाईल.

"नाही, हेर कापिटान," मी म्हटलं. "तक्रार होणारच. पंखे फुल चालणार, आवाज येणार. जहाज हिमनदीसमोर आहे तोवर बटण कुणी दाबायचं नाही. काचेवर तरीही धुकं धरलं तर मी इथेच, तुमच्यासमोर, चूक माझी असं लिहून देते."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मग पाहुण्यांना तुम्हीच सांगा. माझी माणसं सांगणार नाहीत."

मायक्रोफोनवर मी कधी बोलले नव्हते. माझ्या जर्मनला अजून कोल्हापूरचा वास येतो. पण मला माझे वडील आठवले. आयुष्यभर त्यांनी आंबा घाटात एसटी चालवली. पावसात पुढच्या काचेवर आतून धुकं धरलं की ते गाडी बाजूला घ्यायचे आणि सगळ्यांना खिडक्या उघडायला लावायचे. लोक कुरकुरायचे, आम्ही भिजतोय की. वडील मान न वळवता सांगायचे, "भिजलासा तर वाळशीला. दरीत गेलासा तर वाळत घालायला बी कोण न्हाई." मग गाडी सोडायचे. त्यांनी कधी माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी लाउंज भरायच्या आधीच मी पंखे फुल करायला लावले. आधीच, कारण धुकं एकदा धरलं की घालवायला वेळ लागतो. धरू न देणं सोपं. पट्टी ताठ उभी राहिली. लोक आत येऊ लागले तसा आवाजावरून त्यांचा चेहरा बदलू लागला. मी मायक्रोफोन घेतला.

"नमस्कार. हा जो आवाज येतोय तो मी करतेय. या काचेची हवा माझी आहे. ज्यांना बर्फ ऐकायचाय त्यांनी डेकवर जा, तिथे तो इथल्यापेक्षा चांगला ऐकू येतो. ज्यांना बघायचाय त्यांनी इथे थांबा. दोन्ही एकाच खोलीत मिळणार नाही."

शांतता पसरली, पंखे सोडून. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, "हिमनदी बघायला आलो, आणि हेअर ड्रायरमध्ये बसवलं." काहीजण हसले. फ्राऊ लोरेंझ हसल्या नाहीत. त्या काउंटरपाशी, बटणाच्या हातभर अंतरावर उभ्या होत्या. ते गृहस्थ उठून त्यांच्याकडे निघाले, तक्रार करायला. त्यांच्या वाटेत हेल्गा आजींचा वॉकर आला. तो आपसूक आला, की आणला, मला सांगता येणार नाही.

"बाहेर जा ना, तरुण माणसा," आजी म्हणाल्या. ते सत्तरीचे असावेत. "तुम्हाला पाय आहेत."

"तुम्हाला हा आवाज सहन होतो?"

"कुठला आवाज?" आजींनी मूठ उघडून दाखवली. कानातली दोन्ही यंत्रं तळहातावर होती.

ते गृहस्थ डेकवर गेले. त्यांच्यामागून बरेच गेले. राहिले ते काचेला भिडून बसले.

मी हिमनदी बघितली नाही असं नाही. पण आधी पट्टी बघत होते, मग काचेची खालची कड, धुकं तिथून सुरू होतं म्हणून. कड कोरडी होती. सूपचं पातेलं उघडलं तरी कोरडी. ओली जॅकेटं वाफाळत होती तरी कोरडी. मग आजींनी माझी बाही ओढली, आणि मी वर बघितलं.

निळा बर्फ. आमच्या गावच्या धरणाच्या भिंतीपेक्षा उंच, तडे गेलेला. त्याचा एक कडा हळूच पुढे झुकला आणि समुद्रात बसला. आवाज आला नाही. पंखे चालू होते. पण पाण्याची लाट उठून जहाजाकडे येईपर्यंतचं सगळं, शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही दिसलं.

फ्राऊ लोरेंझनी बटण दाबलं नाही. संध्याकाळी त्यांनी मला खिडकीवाली केबिन देऊ केली. मी घेतली नाही. लाँड्रीशेजारी उबदार होतं.

परतल्यावर हँबुर्गला मीटिंग झाली, तेव्हा जहाज कंपनीची माणसं सौम्य झाली होती. आता ते याला 'समन्वयाचा प्रश्न' म्हणत होते. मार्कुस हो, हो म्हणत मान हलवत होता. मी म्हटलं, चालेल, समन्वयाचा प्रश्न म्हणा. पण 'आउसलेगुंग्सफेलर' ज्या सगळ्यांना गेलं होतं, त्या सगळ्यांना तो शब्द मागे घेतल्याचंही जाऊ दे. समोरचे म्हणाले, करू नंतर. मी म्हटलं, लॅपटॉप उघडाच आहे, आणि माझ्या ट्रेनला वेळ आहे. मार्कुस छताकडे बघायला लागला. ईमेल गेलं.

बटण आजही आहे. फक्त काचेच्या कडेला आता एक सेन्सर बसवलाय. काच दवबिंदूजवळ गेली की कुजबुज संपते आणि पंखे सुरू होतात, पाहुणा कितीही मोठा असो. सूप डेकवर वाढतात. तिथे त्याला गिऱ्हाईकही जास्त आहे. पुढचं जहाजही माझ्याकडेच आलं. श्टेफान दमला असेल.

तुमचं यंत्र नापास झालं असं कुणी सांगितलं, तर सही करायच्या आधी एकच विचारा: तेव्हा ते चालू होतं का?